मोठे झाड पाडू नये, उतरवावे

वैशाख संपत आला, की सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत वळवाच्या पावसाची वाट पाहिली जाते. हा पाऊस शेतकऱ्याला हवाहवासा असतो. परंतु त्याच्या पुढे धावणारा वारा कोणालाच नको असतो. दुपारी ढग भरून येतात, धुळीचा लोट उठतो आणि घटकाभरात कोठे गोठ्यावर चिंचेची फांदी कोसळल्याचे, कोठे रस्त्यावर पर्जन्यवृक्ष आडवा झाल्याचे, तर कोठे विजेच्या तारा तुटल्याचे वर्तमान येते. मग दुसऱ्या दिवशी गावात एकच बोलणे सुरू होते : “ते झाड काढूनच टाकावयास हवे.” बोलणे सोपे आहे. परंतु पन्नास-साठ हात पसरलेले झाड घर, गोठा, विहीर आणि वीजवाहिनी यांच्या मधोमध उभे असता ते कोणी काढावे, कसे काढावे आणि त्यात कोणाच्या जिवाला किती धोका आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

आपल्याकडील रूढ पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. झाडाचा मालक लाकडाच्या वखारवाल्याला बोलावितो. “लाकूड तुम्ही न्या, झाड तेवढे पाडून द्या,” असा तोंडी ठराव होतो. वखारवाला रोजंदारीवर दोन-चार माणसे पाठवितो. ती माणसे अनवाणी पायांनी, कमरेला जनावरे बांधण्याचा दोर गुंडाळून, हाती कुऱ्हाड किंवा यांत्रिक करवत घेऊन वर चढतात. मालकाला वाटते, आपले काम फुकटात झाले. वस्तुतः ते फुकटात झालेले नसते. त्याची किंमत वर चढलेल्या माणसाने आपला जीव गहाण ठेवून चुकविलेली असते.

काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातील एका वस्तीवर प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. गोठ्यावर झुकलेली जुनी चिंच काढावयाची होती. वर चढलेल्या मजुराने एक आडवी फांदी बुडापाशी वरच्या बाजूने तोडण्यास आरंभ केला. फांदीचे टोक खाली झुकले, परंतु बुडाखालची साल तुटली नाही. त्यामुळे फांदी सरळ खाली न पडता बुंध्याकडे झोक्यासारखी फिरली आणि तिचा तडाखा मजुराच्या पायांना बसला. तो पंधरा-सोळा फुटांवरून खाली आला. त्याचे मांडीचे हाड मोडले. चार दिवसांनी चिंचेचे लाकूड ट्रॅक्टरमधून वखारीत गेले. तो गृहस्थ मात्र सहा महिने घरी बसून राहिला. त्या दिवशी तेथे कोणी क्रूर नव्हते, निष्काळजीही नव्हते. त्यांच्यापाशी शास्त्र नव्हते, इतकेच. आणि शास्त्राअभावी झालेल्या अपघाताला आपण दैव असे नाव देऊन मोकळे होतो.

प्रथम प्रश्न : झाड काढावयाचेच काय?

वृक्षांच्या बाबतीत हे दोन जिल्हे भाग्यवान आहेत. वैराटगडाच्या परिसरातील म्हसवे येथील वडाची नोंद जुन्या सातारा गॅझेटियरमध्ये आहे. १८८२ साली केलेल्या मोजणीत त्या वडाचा घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर विस्तार ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम विस्तार ४४२ फूट भरला होता. हिशेब केला तर एका झाडाने साडेचार एकरांहून अधिक भूमीवर सावली धरली होती, असे होते. अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील भोसे येथील वडाचे आहे. सुमारे ४०० वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा हा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात तोडला जाणार, असे दिसताच २०२० साली लोकांनी आवाज उठविला आणि रस्त्याच्या आखणीत बदल करण्यात आला. लोकमताने झाड वाचू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

परंतु येथेच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कुऱ्हाडीपासून वाचलेले झाड वाऱ्यापासून, कुजीपासून किंवा मुळांशी होणाऱ्या खोदाईपासून आपोआप वाचत नाही. त्याची निगा राखावी लागते. जी विद्या धोकादायक झाड सुखरूप उतरविते, तीच विद्या जुने झाड उभे ठेवण्यासही उपयोगी पडते. दोर, कमरपट्टा आणि करवत यांचा जाणकार कारागीर वाळलेल्या फांद्या काढू शकतो, टोकाकडचा भार हलका करू शकतो, आंब्यावरचे बांडगूळ छाटू शकतो आणि वडाच्या लोंबत्या पारंब्यांना जमिनीपर्यंत वाट करून देऊ शकतो. असा कारागीर गावात नसतो, म्हणूनच आपणांपुढे दोनच मार्ग उरतात : झाड आहे तसे ठेवावे, नाहीतर मुळासकट काढावे. तिसरा आणि बहुतेक वेळा उत्तम असा मार्ग, म्हणजे झाडाचा विस्तार कमी करून ते राखणे, आपल्या विचारातच येत नाही. दहा झाडांपैकी कित्येक झाडे या तिसऱ्या मार्गाने वाचण्यासारखी असतात, असे आमचे मत आहे.

झाडाची परीक्षा

काढावे की राखावे, याचा निर्णय जमिनीवरून झाडाभोवती दोन-तीन फेऱ्या मारून करावा. बुंध्याशी माती भेगाळली किंवा एका बाजूने उचलली गेली असेल, तर मुळे सुटत चालली आहेत असे समजावे. कृष्णाकाठच्या गावांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत नदीकाठची झाडे कित्येक दिवस पाण्यात उभी होती. अशा वेळी मुळांना हवा मिळत नाही, काठची माती ढिली होते आणि झाड वरून हिरवेगार दिसत असताही त्याचा आधार कमकुवत झालेला असू शकतो.

बुंध्यावर किंवा फांदीच्या बेचक्यात भूछत्रे उगवली असतील, तर आत कूज आहे असे निश्चित धरावे. लाकडी मोगरीने बुंधा ठोकून पाहावा. भरीव लाकडाचा आवाज बद्द आणि घट्ट येतो, पोकळ बुंधा ढोलासारखा बोलतो. दोन जाड फांद्या जेथे एकमेकींना चिकटून अरुंद कोनात निघाल्या असतील तेथे उभी चीर आहे काय, हे पाहावे. जुनी चिंच बाहेरून दगडासारखी टणक दिसली, तरी तिचा गाभा पुष्कळदा पोकळ असतो. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या, लांबच लांब फांद्या वारा नसतानाही एकाएकी तुटू शकतात. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते. शेवग्यावर कोणी विश्वास ठेवीतच नाही. परंतु गुलमोहरावर आपण मुले चढू देतो!

शेवटी आग्या मोहोळाची पाहणी करावी. यांत्रिक करवतीच्या आवाजाने आणि कंपाने हे मोहोळ उठले, तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळण्यास जागा नसते. मोहोळ असल्यास ते जाणकाराकडून हलविल्याखेरीज काम सुरूच करू नये. पक्ष्यांची घरटी आणि पिले असतील आणि धोका तातडीचा नसेल, तर काम काही आठवडे पुढे ढकलावे. मेलेले, आतून पोखरलेले किंवा मुळे सुटलेले झाड असेल, तर त्यावर माणूस चढवूच नये. ज्या झाडाला आपले स्वतःचे वजन पेलत नाही, त्यावर आणखी एका माणसाचे वजन टाकणे हे धाडस नव्हे. अशा ठिकाणी क्रेन किंवा पाळणा असलेली गाडीच आणली पाहिजे. तिचा खर्च अधिक वाटला, तरी तो माणसापेक्षा स्वस्तच आहे.

चढणारा आणि त्याचा दोर

झाडावर चढणे ही आपल्या लोकांना नवी गोष्ट नाही. आंबे उतरविणारी, चिंचा झोडणारी, मध काढणारी माणसे गावोगाव आहेत. त्यांचे धैर्य आणि तोल वाखाणण्यासारखा असतो. परंतु फळ काढावयास चढणे आणि फांदी कापावयास चढणे यांत मोठे अंतर आहे. फळ काढताना झाड स्थिर असते. फांदी कापताना झाडच हलते, भार बदलतो आणि हातात धारदार हत्यार असते. म्हणून केवळ हातापायांच्या पकडीवर विसंबून चालत नाही.

शास्त्रोक्त पद्धतीत चढणारा माणूस रुंद पट्ट्यांचा कमरपट्टा आणि मांडीपट्टे घालतो. त्याचा मुख्य दोर त्याच्या डोक्यावर, जिवंत आणि जाड अशा बेचक्यातून गेलेला असतो. खालून प्रथम वजनाची लहान पिशवी बांधलेली बारीक दोरी बेचक्यावरून फेकतात व तिच्या साहाय्याने मुख्य दोर ओढून घेतात. वर जाण्यापूर्वी दोन माणसांनी त्या दोराला लोंबकळून बेचके पारखावे. दोरावर घट्ट बसणारी आणि हाताने सैल करताच सरकणारी अशी एक गाठ असते. गिर्यारोहक तिला प्रुसिक गाठ म्हणतात. तिच्यामुळे माणूस हवा तेथे थांबू शकतो आणि दोन्ही हात कामासाठी मोकळे ठेवू शकतो. करवत चालविण्यापूर्वी मुख्य दोराखेरीज दुसरा आखूड दोर बुंध्याभोवती घेऊन कमरपट्ट्याला अडकविलाच पाहिजे, कारण करवतीचा एक चुकार स्पर्श दोर तोडण्यास पुरेसा होतो. दोन आधार असले, तर एक तुटला तरी माणूस राहतो. हा दुसरा दोर कापावयाच्या फांदीभोवती कधीही घेऊ नये. फांदीबरोबर माणूसही ओढला जाईल.

बाजारात मिळणारा साधा नायलॉनचा दोर किंवा जनावरांचे दावे या कामी उपयोगाचे नाही. चढण्याचा दोर त्याच कामासाठी तयार केलेला, १० ते १३ मिलिमीटर जाडीचा आणि प्रमाणित असावा. उन्हाने दोर कमजोर होतो, गाठ मारल्याने त्याची ताकद आणखी घटते आणि खरबरीत सालीवर घासून तो झिजतो. चढण्याच्या दोराने ओझे उतरवू नये आणि ओझे उतरविण्याच्या दोराने चढू नये, हा नियम घरातील देवाच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या तांब्यांइतका काटेकोरपणे पाळावा. डोक्यास शिरस्त्राण, डोळ्यांस चष्मा, पायांत घट्ट बूट हे तर असावेच. वडाचा आणि पिंपळाचा चीक डोळ्यांत गेला तर आग होते, आणि चिकाने हात-पाय निसटतात, हे चष्म्याची थट्टा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

भार कोठे आहे, हे ओळखावे

पसरट झाडाचे सारे रहस्य एका वाक्यात सांगता येईल : फांदीचा भार तिच्या टोकाकडे असतो. आपली चूक ही, की आपण बुडापाशी घाव घालतो आणि तीस-चाळीस फुटांची फांदी पानापाल्यासह एकदम सोडतो. तसे न करता टोकाकडून आरंभ करावा आणि लहान लहान तुकडे करीत बुंध्याकडे यावे. एका बाजूच्या सर्व फांद्या आधी काढून टाकू नयेत, कारण त्यामुळे झाडाचा तोल दुसऱ्या बाजूला जातो. आलटून पालटून दोन्ही बाजू हलक्या कराव्यात. बैलगाडीत पोती भरताना आपण पुढचा-मागचा भार जसा सांभाळतो, तसाच हा प्रकार आहे.

प्रत्येक फांदी तीन कापांनी काढावी. पहिला काप फांदीच्या खालच्या बाजूने, बुडापासून सुमारे एक फूट अंतरावर, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत द्यावा. दुसरा काप त्याच्याही थोडा बाहेर वरच्या बाजूने द्यावा. या दोन कापांमुळे फांदी साल न ओरबाडता तुटते आणि वर सांगितलेल्या प्रसंगातील झोका बसत नाही. तिसऱ्या कापाने राहिलेला खुंट काढावा. झाड राखावयाचे असेल, तर हा शेवटचा काप बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या किंचित बाहेर घ्यावा. ते कडे शाबूत राहिले, तरच झाड आपली जखम भरून काढते. कापावर शेण, डांबर किंवा रंग फासण्याची जुनी चाल आहे. तिने कूज थांबत नाही. काप स्वच्छ आणि योग्य जागी असणे हेच खरे औषध होय.

वडाच्या बाबतीत एक अधिक सावधगिरी बाळगावी. जमिनीत रुजलेल्या पारंब्या केवळ शोभेच्या नसतात. त्या फांदीचे खांब असतात. आड येते म्हणून अशी पारंबी आधी तोडली, तर वरची फांदी तोडणाऱ्याच्याच डोक्यावर येण्याचा संभव असतो. प्रथम फांदीचा भार उतरवावा, मग पारंबीला हात लावावा. घराचा पाडाव करताना छप्पर उतरविण्यापूर्वी कोणी खांब काढीत नाही!

दोरावर फांदी उतरविणे

खाली मोकळी जागा असेल, तर लहान तुकडे सोडता येतात. परंतु खाली कौलारू घर, द्राक्षाचा मांडव किंवा विहीर असेल, तर फांदी दोरावरच उतरवावी लागते. फांदी कापण्यापूर्वी तिला दुसरा जाड दोर बांधावा, तो वरच्या मजबूत बेचक्यातून किंवा कप्पीतून घ्यावा आणि खाली बुंध्याभोवती त्याचे दोन-तीन वेढे द्यावेत. अवखळ खोंड आवरताना आपण त्याचा कासरा खुंटाला वेढतो. मग एकटा माणूसही त्याला धरून ठेवतो. बुंध्यावरचे वेढे हेच काम करतात. ज्यांनी मोटेचा नाडा हाताळला आहे, अशा वडीलधाऱ्यांना ही गोष्ट एका दृष्टिक्षेपात समजेल.

परंतु वजनाचा अंदाज मात्र डोळ्यांनी करू नये, हिशेबाने करावा. ओल्या लाकडाचे वजन ढोबळमानाने तेवढ्याच पाण्याइतके धरावे. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका सुमारे दोन क्विंटल भरतो. तोच ओंडका हातभर खाली पडून दोराने एकदम अडविला, तर दोराला, बेचक्याला आणि बुंध्याला बसणारा हिसका त्या वजनाच्या कित्येक पट असतो. दोर तुटतात ते वजनाने नव्हे, हिसक्याने. म्हणून दोर आधी ताणून घ्यावा, तुकडे लहान करावेत आणि ओझे थांबवावयाचे ते एकदम नव्हे, सरकवीत सरकवीत. दोर धरणाऱ्याने तो हाताला किंवा कमरेला कदापि गुंडाळू नये.

जमिनीवर निदान दोन जाणती माणसे असावीत : एक दोर सांभाळणारा आणि दुसरा पाहारा करणारा. हुकूम एकाचाच चालावा. वरच्या माणसाने “खाली सांभाळा” म्हणावे, खालून “मोकळे आहे” असे उत्तर यावे आणि ते ऐकल्याखेरीज करवत लावू नये. झाड उतरविण्याचे काम म्हणजे गावाला तमाशा वाटतो. मुले, म्हातारीकोतारी आणि फुकटचे सल्लागार झाडाखाली गोळा होतात. त्यांना दोरीचे कुंपण घालून दूर ठेवणे हा कामाचा पहिला भाग समजावा. वारा सुटला, पावसाचा थेंब पडला किंवा ढग गडगडले, की काम जेथे असेल तेथे थांबवून खाली उतरावे.

बुंधा

फांद्या उतरल्यावर उरलेला बुंधा, जागा मोकळी असल्यास, एकसंध पाडता येतो. ज्या दिशेला तो पडावयास हवा, त्या बाजूला बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी पाचरीच्या आकाराची खाच घ्यावी. मग पाठीमागून, खाचेच्या कोनापेक्षा किंचित वर, दुसरा काप घ्यावा. परंतु तो आरपार नेऊ नये. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाइतके लाकूड बिजागरीसारखे राखावे. ही बिजागरीच झाडाला दिशा दाखविते. ती तुटली, की झाड कोणाचेही ऐकत नाही. एका बाजूला फार झुकलेला बुंधा मागून कापला असता उभा चिरून मागे उसळू शकतो. असे काम अननुभवी माणसाने घेऊच नये. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कामावरच्या माणसांखेरीज कोणी नसावे. कापणाऱ्याने मागे तिरक्या दिशेने पळण्याची वाट आधीच साफ करून ठेवावी. यांत्रिक करवत एका हाताने चालविणे, किंवा ती खांद्याच्या वर उचलून चालविणे, हे दोन दोष आपल्याकडे सर्रास दिसतात आणि दोन्ही जिवावर बेततात.

वर अडकलेल्या माणसाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर काम सुरू होण्यापूर्वी तयार असले पाहिजे. जखमी किंवा बेशुद्ध माणूस कमरपट्ट्यात निश्चल लटकत राहिला, तर पायांतील रक्त वर फिरत नाही आणि थोड्याच मिनिटांत त्याच्या जिवाला अपाय होऊ शकतो. त्याला उतरविण्यासाठी शहरातून अग्निशामक गाडी येईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून खाली असलेल्यांपैकी एकाला चढता येत असावे आणि त्याच्यापुरता दोर, कमरपट्टा बाजूला तयार असावा. जखमेवर दाबून बांधण्यास स्वच्छ कापड जवळ असावे आणि १०८ क्रमांकावर काय सांगावयाचे, म्हणजे वस्तीचे नाव, रस्ता, ओळखीची खूण, हे ठरलेले असावे.

कायदा आणि वीज

झाड स्वतःच्या शेतात असले, तरी ते मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग, हिरडा इत्यादी अनुसूचित झाडांसाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक आहे. नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा देण्यात आला आहे. रस्त्याकडेचे झाड ज्या खात्याचे असेल, त्याची संमती घ्यावी. तारांजवळचे झाड असल्यास महावितरणला लेखी कळवून वीज बंद करवावी आणि ती बंद झाल्याची खात्री झाल्यावरच चढावे. ओली फांदी आणि ओला दोर हे विजेचे वाहक आहेत. तारेला स्पर्श न होताही, जवळीक मात्र झाल्याने, उच्च दाबाच्या वाहिनीचा झटका बसू शकतो.

आमची सूचना

इतके सारे नियम वाचून कोणी म्हणेल, की हे खेड्यात कसे जमावयाचे? आमचे उत्तर असे, की जमण्यासारखी माणसे आपल्याच जिल्ह्यांत आहेत. महाबळेश्वरच्या दऱ्यांतून अपघातग्रस्तांना दोरांवर वर काढणारे तरुण साताऱ्यातलेच आहेत. सह्याद्रीचे कडे चढणारी मुले सांगली-मिरजेतही आहेत. दोराची विद्या आणि झाडाची विद्या यांची गाठ घालून देणे, एवढेच काम उरले आहे. नारळ विकास मंडळाने २०११ सालापासून नारळावर यंत्राच्या साहाय्याने चढणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्याबरोबर त्यांच्या विम्याचीही सोय केली. जे माडाच्या बाबतीत झाले, ते वड-चिंचेच्या बाबतीत का होऊ नये? औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि वन विभाग यांनी मिळून प्रत्येक तालुक्यात आठ-दहा तरुणांचे एक पथक तयार करावे. दोर, कमरपट्टे, कप्प्या आणि शिरस्त्राणे यांचा संच काही ग्रामपंचायतींनी मिळून घ्यावा; तो एका गावाने घेण्याची गरज नाही.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. लाकडाच्या मोबदल्यात झाड पाडून घेण्याची रूढी आता मोडली पाहिजे. ज्याची मजुरी लाकडाच्या वजनावर अवलंबून आहे, तो झाड राखण्याचा सल्ला कधीही देणार नाही; तसेच तो सावकाश, तुकड्या-तुकड्यांनी कामही करणार नाही, कारण लांब, जाड ओंडक्याला भाव अधिक मिळतो. झाड उतरविण्याची मजुरी वेगळी ठरवावी, ती रोख द्यावी आणि लाकूड मालकाने वेगळे विकावे. एवढ्या एका बदलाने झाडही वाचेल आणि माणूसही.

तिसरी सूचना विम्याविषयी आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने २०२३ पासून सुरू झालेल्या शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेल्या अपघाताचा समावेश आहे. परंतु तिचा आधार सातबारा हा आहे. खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी ती आहे. झाडावर चढणारा मनुष्य बहुधा भूमिहीन असतो. ज्याच्या बांधावरचे झाड आहे त्याला संरक्षण आहे, आणि त्या झाडावर जो लोंबकळत आहे त्याला नाही, ही विसंगती दूर होणे न्यायाचे होईल. तोपर्यंत निदान काम देणाऱ्याने कामापुरता अपघात विमा काढल्याखेरीज कोणालाही वर चढवू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या वळवापूर्वी आपल्या घराभोवतालच्या आणि बांधावरच्या झाडांखालून एक फेरी मारावी. कोणते राखावयाचे, कोणते हलके करावयाचे आणि कोणते उतरवावयाचे, हे शांत डोक्याने ठरवावे. उतरविलेल्या प्रत्येक झाडाच्या बदली योग्य अंतरावर, तारांपासून आणि भिंतींपासून दूर, नवी रोपे लावावीत, म्हणजे पुढच्या पिढीवर हाच प्रसंग येणार नाही. आजोबांनी लावलेले झाड काढण्याची वेळ आलीच, तर ज्या हातांनी ते उतरवावयाचे, ते हात संध्याकाळी आपल्या घरी सुखरूप परत जातील, एवढी व्यवस्था करणे हे झाडाच्या मालकाचे कर्तव्य आहे.